ओळख आणि जामीनकी

शेतकरी बंधूंस अलीकडे जो उपदेश सर्वांत स्वस्तात मिळतो, तो 'ओळखी वाढवा' हा होय. मेळावे भरतात, नावाची कार्डे वाटली जातात, मोबाईलवर गट निघतात. आणि सायंकाळी घरी परतलेला मनुष्य खिशातील पंचवीस कार्डे मोजून आज पुष्कळ कमाई झाली असे समजतो. आमचे मत याहून निराळे आहे, व ते आम्ही स्वानुभवावरून बनविले आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून २०२४ साली निवृत्त झालो. त्या खुर्चीस ओळखींचा तोटा कधीच नसतो. दिवाळीस मिठाईचे पुडे येत (ते परत पाठविताना घरच्या मंडळींचा रोष पत्करावा लागे, ही गोष्ट वेगळी), लग्नामुंजींची आमंत्रणे येत. निवृत्तीच्या दिवशी आमच्या मोबाईलमध्ये चारशेवर नावे होती. पुढील दिवाळीस पुडे नव्या भाऊसाहेबांकडे गेले. यात कोणास बोल लावण्याचे कारण नाही. ओळख खुर्चीची होती, ती खुर्चीपाशीच राहिली.

शिरगावात आमची जांभळाची सहा झाडे आहेत. मोसमी पाऊस मुंबईत साधारणतः ११ जूनच्या सुमारास यावयाचा, तो २०२५ साली २६ मे रोजीच दाखल झाला, आणि त्यापूर्वीही सरी पडतच होत्या. जांभूळ हे अत्यंत नाजूक फळ. ओले झाले की तडकते, आणि आज उतरविलेले उद्या विकले नाही तर परवा फेकावे लागते. आम्ही त्या चारशे नावांपैकी ज्यांचा बाजाराशी संबंध होता अशा सर्वांस फोन केले. 'बघतो', 'कळवितो', 'सध्या माल फार आहे' यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणचे एक अडते स्वतः टेंपो घेऊन दारात उभे राहिले. आमच्या त्रासाची वार्ता त्यांस दुसऱ्याकडून लागली होती. हे गृहस्थ पूर्वी आमच्या टेबलाशी रागावून गेलेले. वडिलांमागे वारसाची नोंद करताना बहिणीचे नाव गाळावे असा त्यांचा आग्रह होता. आम्ही तेव्हाच सांगितले होते की, '१९५६ च्या कायद्याने मुलगी वारस आहे. नाव गाळता येणार नाही, आणि उगाच खेपाही घालू नका.' पुढे बहिणीच्या नावासह नोंद झाली. आमचा त्यांचा संबंध तेवढाच. त्या पहाटे त्यांनी माल पाहिला व म्हणाले, 'भाऊसाहेब, तुम्ही मला तोंडावर नाही म्हणालात, दारी झुलवलं नाहीत. मीही सरळ सांगतो. यातले चार क्रेट टाकून द्या, बाकीचे नेतो.' भाव बेताचा दिला, पण पैसे त्याच सायंकाळी चुकते केले. पुढील हंगामासही आमचा माल त्यांच्याचकडे गेला.

तेव्हापासून आम्ही ओळखीस एकच कसोटी लावतो: या मनुष्यास आपण जामीन राहू काय? आणि तो आपणांस राहील काय?

ही कसोटी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हा खेड्यांतील पेढ्यांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. एकाने कर्ज बुडविले तर इतरांच्या घरादारापर्यंत झळ पोहोचावयाची. जर्मनीत रायफायझन यांनी ज्या पेढ्या काढल्या, त्यांचा हा नमुना; पेढीचे क्षेत्र लहान ठेवावयाचे, म्हणजे कोण मेहनती व कोण उधळ्या हे सभासदांस ठाऊक असते. अशा व्यवस्थेत कार्ड वाटून भागत नाही.

प्रवरेकाठची हकीकत तर सर्वश्रुत आहे. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. शाळेचे शिक्षण थोडके. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ व पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. या दोघांची गाठ कोणा मेळाव्यात कार्डे देऊन पडली असती तर कार्डापलीकडे काय उरले असते? विखे पाटलांनी १९२३ सालीच लोणीस पतपेढी उभी केली होती, म्हणजे दाखवावयास काम होते. गाडगीळांनी १९४५ साली बेलापूरच्या बागायतदार परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होऊन त्या जोखमीत स्वतःचे नाव घातले. एकाने गावोगाव फिरून भागभांडवल जमविले, दुसऱ्याने विद्येचा आधार दिला. आम्ही यास जामीनकी म्हणतो.

आमच्या शिरगावात हीच गोष्ट सावडीच्या रूपाने होती. लावणीच्या दिवसांत चार दिवस तुम्ही आमच्या खाचरात, चार दिवस आम्ही तुमच्या. वहीत काही लिहिलेले नसे, पण कोणाचे किती दिवस फिरावयाचे हे सर्वांस तोंडपाठ. सावडीचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे की ती बहुधा भावकीपुरती असे, व बिनजमिनीचा मजूर तीत बाहेरच राही. आता खाचरांवर इमारती झाल्या व सावडही गेली. नव्या रहिवाशांस शेजारच्या मजल्यावर कोण राहतो हे ठाऊक नसते.

बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्या चिन्हाने नावाचे रक्षण होते, पाटीच्या तळाशी नासके फळ आहे की नाही हे चिन्ह सांगत नाही. ते सांगणे विकणाऱ्याच्या हाती आहे. सभेने मेळाव्यावर खर्च करण्याऐवजी प्रत्येक सभासदाने एका बागायतदाराच्या व एका अडत्याच्या सोबतीने एक पूर्ण हंगाम काढावा, तोडीला हजर राहावे, लिलाव पाहावा, नुकसानही पाहावे. पाच माणसे अशी मिळाली तरी आम्हांस ती चारशेंहून अधिक वाटतात.

आमच्या झाडांची पहिली तोड येत्या हंगामात ज्या दिवशी असेल, तो दिवस सभेच्या कचेरीत आधी कळवू. अडते येणारच आहेत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी पहाटे पाचपूर्वी टोपली घेऊन यावे. कार्ड आणण्याची गरज नाही.