मुलांचा प्रोजेक्ट गावासाठी. पण परीक्षेनंतर ॲप सांभाळणार कोण?

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आलं की प्रोजेक्टची धावपळ सुरू होते. काही मुलं सरळ पैसे मोजून तयार प्रोजेक्ट आणतात, फाईल बांधतात आणि तोंडी परीक्षा देतात. मार्क मिळतात, पण सॉफ्टवेअर बनवायला शिकणं राहून जातं.

यावर उपाय एकच. खऱ्या माणसाची खरी अडचण हातात घ्यायची. केंद्र सरकारचं उन्नत भारत अभियान २०१४ पासून कॉलेजांना गावांशी जोडतंय. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सरकारी खाती आपल्या अडचणी मांडतात आणि विद्यार्थी त्यावर काम करतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाचा भरही प्रत्यक्ष कामावर आहे.

फरक काय पडतो? समजा, मुलांनी दूध डेअरीचं ॲप करायला घेतलं. वर्गात बसून केलं तर नाव, लिटर आणि दर, झालं ॲप! पहाटे संकलन केंद्रावर उभं राहिलं की मग कळतं: फॅट आणि एसएनएफवर दर बदलतो, एकाच नावाचे दोन सभासद असतात, बिलातून उचल कापायची असते आणि ऐन वेळी लाईट जाते, रेंजही जाते. सचिवाला विचारणं, चुका शोधणं, पुन्हा दुरुस्त करणं हेच खरं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. ते पुस्तकात वाचून येत नाही.

पण यात गावाचं नुकसानही होऊ शकतं. मुलं पास होऊन पुण्या-मुंबईला जातात आणि ॲप बंद पडतं. तोवर जुनी वही बंद केली असेल तर शेतकऱ्याचा हिशेब अडकतो.

म्हणून कॉलेजची मुलं गावात आली तर त्यांना परत पाठवू नका, पण तीन गोष्टी आधी विचारा. पुढच्या वर्षी हे कोण सांभाळणार? पूर्ण कोड आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात देणार का? सभासदांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर खरंच लागतात का? तपासणीसाठी बनावट नावं आणि आकडे चालतात.

निदान काही महिने वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवा. कॉलेजनेही दरवर्षी नवा विषय न घेता तेच काम पुढच्या बॅचकडे सोपवावं. दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेऊन दुरुस्त करणं हेच तर नोकरीत करायचं असतं. मुलं शिकतील आणि गावाचा हिशेबही चुकणार नाही.