कोपनहेगनची जलपरी सोडा, पाणी बघा

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन म्हटलं की सगळे एका जलपरीचा पुतळा दाखवतात. 1913 पासून ती बंदराच्या काठावर दगडावर बसलीय. पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. माझ्या मते या शहराची खरी ओळख पुतळ्यात नाही, बंदराच्या पाण्यात आहे.

शहराच्या नावाचा अर्थच मुळी व्यापाऱ्यांचं बंदर. कारखान्यांची घाण आणि गटारांचं पाणी वर्षानुवर्षं याच बंदरात जायचं. पोहणं सोडा, हात घालायची सोय नव्हती. आज त्याच पाण्यात, भर शहरात, लोक उन्हाळ्यात उड्या मारतात. इस्लांड्स ब्रूगे भागात 2002 मध्ये पोहायची जागा सुरू झाली. तिकीट नाही, सगळ्यांना खुली.

हे झालं कसं? काठ सजवून नाही. महापालिकेने जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या. जोराचा पाऊस आला की गटाराचं पाणी तिथं अडवायचं आणि पाऊस ओसरला की शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचं. बंदरात उघडणारी अनेक तोंडं बंद केली. जमिनीखालची टाकी कुणाला दिसत नाही, तिच्यासोबत फोटोही निघत नाही. तरी पैसा तिथं घातला. आणि एवढं करूनही पावसाने पाणी बिघडलंच, तर लपवत नाहीत. आज पोहू नका, असं जाहीर करतात.

तिथं सगळं आलबेल आहे असंही नाही. 2020 मध्ये एका बांधकामासाठी सुमारे 29 कोटी लिटर सांडपाणी प्रक्रिया न करताच समुद्रात सोडायचं ठरलं होतं. बातमी बाहेर आली. डेन्मार्कचे लोक चिडले, समोरच्या किनाऱ्यावरचे स्वीडनवाले चिडले. शेवटी महापौरांना तो बेत थांबवावा लागला.

मला या शहराचं कौतुक वाटतं ते इथंच. एकदा स्वच्छ केलेलं पाणी आपोआप स्वच्छ राहत नाही. श्रीमंत देशातलं प्रशासनसुद्धा सोपा रस्ता शोधतं. फरक एवढाच की तिथल्या लोकांना ते पाणी आपलं वाटतं, कारण त्यांची पोरं त्यात पोहतात. ज्या पाण्यात आपण उतरतच नाही, त्यात कोण काय सोडतंय हे आपण कशाला विचारू?

घाटाला फरशी आणि दिवे लावून कुठलंच पाणी साफ होत नाही, मंडळी. आधी गटार कुठं जातं ते विचारा.