बरणींतील आजारी किडा

गेल्या श्रावणांत दर्यापूर तालुक्यांतील एक सभासद आपल्या नातवासह आमचेकडे आले. नातवाच्या हातांत लोणच्याची रिकामी बरणी, तिच्या तोंडास फडकें बांधलेलें, व आंत वावरांतून धरून आणलेला हिरवा खंडोबाचा किडा. शास्त्रीय लिखाणांत यासच प्रार्थना कीटक म्हणतात. मुलानें तो पंधरा दिवस पाळला होता. आतां किडा कांहीं खाईना, त्याचे पाय थरथरत होते व तोंडावाटे काळसर पाणी येत होतें. याला औषध कोणतें द्यावें, असा मुलाचा प्रश्न. आजोबा किंचित् ओशाळले. आमच्या मतें ओशाळण्याचें कांहींच कारण नव्हतें.

हा किडा खाईनासा झाला म्हणजे तो आजारीच असतो असें नाहीं. वाढत्या वयांत तो अनेकदां कात टाकतो व त्यापूर्वीं अन्नास शिवत नाहीं. तेव्हां त्यास उलटें लोंबण्यापुरती काडी व मोकळी जागा असावी, आणि हात मुळींच लावूं नये. मध्येंच खालीं पडल्यास अंग कायमचें वांकडें होतें. या वयांत पाय तुटला तरी पुढील कातींबरोबर तो पुन्हां उगवतो. पंख फुटलेल्या प्रौढास ही सोय नाहीं. पाणी वाटींत न ठेवतां काडीवर थेंब शिंपडावे, ते तो पितो. भक्ष्य जिवंत असावें व त्याच्या अंगाहून लहान असावें.

परंतु या किड्याचें दुखणें निराळें होतें. मुलास विचारतां कळलें कीं, तो रोज पऱ्हाटीवरील पतंग व तुडतुडे धरून किड्यास चारीत असे, आणि त्याच वावरांत तीन दिवसांपूर्वीं फवारणी झाली होती. भक्ष्याबरोबर विष पोटांत गेलें, असा आमचा तर्क. यावर औषध नाहीं. बरणी धुवावी, सावलींत ठेवावी, पाण्याचे थेंब द्यावे व न फवारलेल्या कुंपणावरचें भक्ष्य द्यावें, एवढेंच आम्हीं सांगितलें. तिसऱ्या दिवशीं किडा मेला.

एका किड्यासाठीं मासिकाचें पान खर्ची घालावें काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं सन 2017 चा हंगाम आठवावा. त्या वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. अमरावती व अकोला जिल्ह्यांसही झळ लागली. मोनोक्रोटोफॉससारखीं विषें किड्याच्या मज्जातंतूंतील जें विकर बंद पाडतात, तेंच विकर माणसाच्या शरीरांतही तेंच काम करीत असतें. बरणींतील थरथर आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराची थरथर यांचें मूळ एकच असूं शकतें. मजुरास मात्र बरणींत ठेवून कोणी पाहात बसत नाहीं.

आमचें म्हणणें फवारणी कधींच करूं नये असें नाहीं. शेजाऱ्यानें पंप काढला म्हणून आपणही काढावयाचा, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. गुलाबी बोंडअळीसाठीं हेक्टरीं 5 कामगंध सापळे लावावे. सापळ्यागणिक रोज 8 पतंग असे सलग तीन दिवस आढळले तरच विषाचा विचार करावा, हा दंडक आतां नवा राहिलेला नाहीं. सुरुवातीच्या रसशोषक किडींसाठीं 5 टक्के निंबोळी अर्क आहेच. पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जहाल विष मारणारा आपलेच राखणदार मारतो.

तथापि या किड्याचें स्तोमही आम्हांस माजवावयाचें नाहीं. तो मित्र व शत्रू असा भेद करीत नाहीं. सांपडल्यास मधमाशी खातो, स्वतःचीं भावंडेंही खातो. बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत त्याचे पाय पोंचत नाहींत. त्याच्या एकट्याच्या बळावर कपाशी वांचेल, असें सांगणारास आम्ही भोळा म्हणूं. पण ज्या वावरांत तो टिकतो, तेथें ढालकिडे व क्रायसोपाही टिकण्याचा संभव अधिक, आणि मावा खाण्याचें काम मुख्यत्वें त्यांचें आहे.

अडचण आहे ती पऱ्हाटीची. बोंडअळी पुढील हंगामास पोंचूं नये म्हणून फरदड न घेतां पऱ्हाट्या वेळेवर उपटून नष्ट कराव्या, हा सल्ला योग्यच आहे. परंतु या किड्याचे अंडीकोश, म्हणजे फेस वाळून घट्ट झाल्यासारख्या मातकट गांठी, त्याच काड्यांना चिकटलेले असतात व त्यांचीही राख होते. एकेका कोशांतून पुष्कळ पिलें निघतात. यासाठीं उपटण्यापूर्वीं मुलांस तासभर वावरांत सोडावें. कोश असलेली काडी वीतभर तोडावी, तीवर एकही बोंड राहूं देऊं नये, व धुऱ्यावरील झुडपास सावलीच्या बाजूनें बांधावी. दर्यापूरकडील त्या मुलानें माघांत असे चार कोश शोधून धुऱ्यावरील बोरीस बांधले. सालदारानें ती फांदी तोडूं नये म्हणून आजोबांनीं तिला लाल चिंधी बांधून ठेविली आहे.