दळण कोणाचे, पीठ कोणाचे?



साताऱ्याचे वनकुसवडे पठार असो की धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल, माळावर तीन पात्यांचा उंच खांब दिसला की आपण म्हणतो, पवनचक्की आली. चक्की म्हणजे दळणाचे साधन. या चक्कीवर मात्र पायलीभर ज्वारीही दळली जात नाही. मग तिला चक्की का म्हणायचे?

नाव जुने आहे. इराणच्या सीस्तान भागात हजार वर्षांपूर्वी वाऱ्यावर खरोखरीची जाती फिरत आणि धान्य दळत. हॉलंडमध्ये वाऱ्याच्या चक्क्यांनी सखल जमिनीतले पाणी उपसून शेते कोरडी केली. अमेरिकेत १८५४ साली डॅनियल हॅलडे याने वाऱ्याकडे आपोआप तोंड फिरवणारी चक्की बनवली. अशा चक्क्यांनी कोरड्या माळरानावर विहिरीचे पाणी वर काढून गुरे जगवली. दळण संपले तरी नाव टिकले. पण काम शेतीचेच राहिले.

आता चक्कीतून वीज निघते आणि ती तारेवरून दूर जाते. आणखीही एक दळण निघत आले आहे. १९९० च्या दशकात चक्की उभारणाऱ्या कंपनीला यंत्राची १०० टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ साली हा दर ४० टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे चक्की फिरली वाऱ्यावर आणि दळला गेला आयकर!

पवनचक्कीला आमचा विरोध नाही. आमचे भांडण भावाचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणूनच कंपनीची नजर काळ्या कसदार रानापेक्षा उघड्या, उंच माळाकडे जाते. त्या माळावर ज्वारीचे कणीस भरत नाही, कपाशी गुडघ्यावर जात नाही, म्हणून तो 'पडीक' ठरवून मातीमोलाने मागितला जातो. घेणारा वारा मोजतो आणि देणाऱ्याला ज्वारी मोजायला सांगतो. हा कुठला हिशेब?

तेव्हा अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा. ही विक्री आहे की भाडेपट्टा? भाडे दरवर्षी किती वाढणार? रस्त्यात आणि तारांखाली जाणाऱ्या रानाचे, मोडलेल्या पिकाचे पैसे वेगळे मिळणार का? यंत्र मोडीत निघाल्यावर जमिनीतला काँक्रीटचा पाया कोण उखडणार? उत्तरे मराठीत, कागदावर घ्या. एकेकट्याने बोलणी करू नका; शिवारातले सारे खातेदार एकत्र बसा.

चक्कीवाला दळणावळ घेतो, पीठ ठेवून घेत नाही. माळ आमचा असेल, तर दळणही आमचेच आहे.