खासगी विद्यापीठाची स्कॉलरशिप : हक्क नव्हे, करार

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एकीकडे गुणवंतांचे सत्कार, दुसरीकडे पालकांच्या मोबाईलवर खासगी विद्यापीठांच्या जाहिराती. 'गुणवंतांना १०० टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप' असं त्यात मोठ्या अक्षरात असतं. यातला 'पर्यंत' हा शब्द फार कमी लोक वाचतात. मग पालक आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सर, पोरीला ८८ टक्के आहेत, पाठवू का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण ते कसं शोधायचं, हे मात्र सांगता येतं.

आधी हा प्रश्न आताच इतका का वाढला, ते पाहू. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुस्लिम २१ लाखांच्या आसपास, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के होता. ही दरी असताना सरकारी मदतीचे दरवाजे मात्र एकेक करून बंद झाले. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद झाली. त्याच वर्षी संशोधकांची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही गुंडाळली गेली. २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश निघाला. नववी ते बारावीच्या मुलींसाठीची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती याच संस्थेची होती. सरकारी आधार असा आटला की पालकांची नजर साहजिकच खासगी विद्यापीठांच्या स्कॉलरशिपकडे जाते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. सरकारी शिष्यवृत्तीला नियम असतात. तुम्ही अटीत बसलात आणि पैसे अडले तर तुम्ही अर्ज करू शकता, आमदाराला भेटू शकता, कोर्टातही जाऊ शकता. खासगी विद्यापीठाची स्कॉलरशिप ही त्या संस्थेने स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या अटींवर दिलेली सवलत असते. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आलं आणि खासगी संस्थांमध्येही मागास घटकांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमति प्रकरणात हे कलम वैध ठरवलं. पण अधिकार मिळणं वेगळं आणि कायदा करणं वेगळं. देशभरातल्या खासगी विद्यापीठांना लागू होईल असा केंद्राचा कायदा अजून झालेला नाही. त्यामुळे तिथे कुणाला किती सूट द्यायची, हे बहुतांशी विद्यापीठच ठरवतं.

महाराष्ट्रातल्या पालकांची तर इथे हमखास फसगत होते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आपल्या समाजातल्या मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा कित्येक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या मुलींनाही हा लाभ मिळतो. पण याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. म्हणजे जी मुलगी कॅप राऊंडमधून साध्या कॉलेजात गेली तर तिची फी माफ होते, तीच मुलगी ५० टक्के स्कॉलरशिपच्या ओढीने खासगी विद्यापीठात गेली तर उरलेली अर्धी फी बापाच्या खिशातून जाते. 'स्कॉलरशिप मिळाली' म्हणून पेढे वाटले जातात आणि प्रत्यक्षात खर्च वाढलेला असतो.

दुसरी गोष्ट, सगळ्या स्कॉलरशिप एका जातीच्या नसतात. काही गुणांवर मिळतात, काही घरची परिस्थिती बघून, काही दोन्ही बघून. सोनीपतच्या अशोका विद्यापीठाची मदत मुख्यतः गरजेवर ठरते. अझीम प्रेमजी विद्यापीठातही घरच्या उत्पन्नानुसार फी आणि राहण्याच्या खर्चात सवलत मिळते. बिट्स पिलानीत गुणांवरची वेगळी आणि 'मेरिट-कम-नीड' वेगळी असे दोन प्रकार आहेत. वेल्लोरच्या व्हीआयटीची एक योजना तर फक्त तमिळनाडूसाठी आहे. तिथल्या प्रत्येक जिल्ह्यातून ग्रामीण सरकारी शाळेत पहिला आलेला एक मुलगा आणि एक मुलगी निवडतात, त्यांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं विद्यापीठ करतं. या योजनेत सरकारी शाळेतल्या मुलीची तुलना शहरातल्या महागड्या कोचिंगच्या मुलाशी होत नाही, तिच्यासारख्याच मुलींशी होते. मेरिट मोजायची ही पद्धत आम्हाला जास्त न्यायाची वाटते. महाराष्ट्रातल्या खासगी विद्यापीठांकडे अशा योजनेची मागणी आपल्या संघटनांनी का करू नये?

तोपर्यंत आपल्या हातात हिशोब आहे. समजा शिक्षण शुल्क वर्षाला ४ लाख आणि हॉस्टेल-मेस दीड लाख. ५० टक्के स्कॉलरशिप बहुधा फक्त शिक्षण शुल्कावर असते, म्हणून पहिल्या वर्षी भरायचे साडेतीन लाख. चार वर्षांचे झाले १४ लाख. आता समजा पहिल्या वर्षी अपेक्षित सीजीपीए आला नाही आणि सूट गेली. मग उरलेली तीन वर्षं साडेपाच लाखांची, एकूण २० लाख. फी दरवर्षी वाढली तर त्याहून जास्त. मध्येच सोडावं तर भरलेले पैसे गेले, मुलाची वर्षंही गेली.

सीजीपीएची ही अट आपल्या मुलांच्या बाबतीत जास्त बोचते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलगी हुशार असते, पण पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेक्चर, इंग्रजी जर्नल आणि इंग्रजी प्रेझेंटेशन एकदम अंगावर येतं. तिला जम बसायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि स्कॉलरशिपचा फैसला नेमका त्याच काळात होतो. म्हणून प्रवेशाआधीच विचारावं : पहिल्या वर्षाला सवलत आहे का, एकदा गेलेली सूट परत मिळते का, इंग्रजीसाठी वेगळा वर्ग आहे का?

काही जण म्हणतील, उरलेल्या पैशांसाठी कर्ज घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. ज्यांना हे चालतं त्यांनी आपली संस्था यादीत आहे का ते तपासावं. पण व्याजाचं कर्ज दीनच्या दृष्टीने नको म्हणणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आदर व्हायला हवा. अशा घरांसाठी अर्धवट स्कॉलरशिप म्हणजे अर्धा पूल. त्यांनी पूर्ण खर्च भागेल तिथेच जावं किंवा कॅप राऊंडचं सरकारी कॉलेज पकडावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग कमवायची कशी? आमचा अनुभव असा की तयारी बारावीनंतर सुरू केली तर उशीर झालेला असतो. पहिली पायरी आठवीतली एनएमएमएस परीक्षा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. ती उर्दूतूनही देता येते, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीची सवय लागते आणि पुढच्या प्रवेश परीक्षांचा पाया तिथेच पडतो.

दुसरी पायरी कागदपत्रांची. मार्कशीटवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहं.', पॅनवर 'एमडी', कुठे शेख तर कुठे शैख. ही नावं नववीतच एकसारखी करून घ्या. बापाचा हातगाडीचा किंवा गॅरेजचा धंदा असेल तर उत्पन्न कमी असूनही सिद्ध करता येत नाही, आणि गरजेवरची मदत तिथेच हातची जाते. बँकेतून व्यवहार, जमल्यास आयकर विवरणपत्र आणि तहसीलदारांचा दाखला वेळेत तयार ठेवा. तिसरी पायरी इंग्रजी लेखन. निवडक विद्यापीठं निबंध आणि मुलाखतही घेतात. आठवड्याला एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय दोन वर्षांत खूप फरक पाडते. आणि अर्ज पहिल्या फेरीतच करा, कारण उशिरा येणाऱ्यांपर्यंत निधी उरेलच असं नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी पाच गोष्टी ईमेलवर लेखी मागा : सूट नेमकी कशावर, किती वर्षं, कोणत्या सीजीपीएवर टिकणार, फीवाढ झाल्यास ती टक्केवारीत की ठरलेल्या रकमेत, आणि प्रवेश रद्द केल्यास किती परत. काउन्सेलर फोनवर गोड बोलतो, पण फोनवरचं बोलणं करारात धरलं जात नाही.

शेवटचं बोलणं समाजातल्या कर्त्या मंडळींशी. एका सत्कारात हॉल, ट्रॉफ्या, बॅनर आणि बिर्याणीवर जो खर्च होतो, त्यात कित्येक मुलांचं अर्ज शुल्क, प्रवेश परीक्षेचा प्रवास आणि पहिल्या सेमिस्टरचा इंग्रजी वर्ग निघतो. सत्कार जरूर करा, मुलांना हुरूप येतो. पण त्या स्टेजवरून खाली उतरल्यावर ती मुलगी एकटी पडू नये. प्रत्येक मशीद कमिटीने किंवा जमातीने कॉलेजात शिकलेले दोन तरुण वर्षभर या कामाला दिले आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी जकातीचा वापर कसा करायचा हे उलेमांना विचारून ठरवलं, तर पुढच्या जूनमध्ये पालक आम्हाला "पाठवू का?" विचारण्याऐवजी तो ईमेल घेऊन येतील. मग आम्हालाही नीट उत्तर देता येईल.