टेम्पलहोफचा कौल

बर्लिन शहराच्या ऐन वस्तीतील टेम्पलहोफ विमानतळ चालू ठेवावा की नाही, यावर २७ एप्रिल २००८ रोजी तेथील नागरिकांनी मतदान केले. मतदान करणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी ‘चालू ठेवा’ असा कौल दिला आणि तरीही ३० ऑक्टोबर २००८ रोजी तो कायमचा बंद झाला.

या धावपट्टीची स्मृती साधी नव्हे. जून १९४८ मध्ये स्टॅलिनच्या रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व जलमार्ग रोखले. वीस लाखांवर माणसांची उपासमार करून त्यांना शरण आणावयाचे, असा हा साम्यवादी डाव होता. अमेरिकन व ब्रिटिश विमानांनी तो हाणून पाडला. अन्न आणि औषधे तर आलीच; पण आलेल्या मालात सर्वाधिक वजन कोळशाचे होते. पावणेतीन लाखांच्या आसपास उड्डाणे आणि सुमारे २३ लाख टन माल! अखेर १२ मे १९४९ रोजी रशियाला नाकेबंदी उठवावी लागली. तीनच वर्षांपूर्वी ज्यांच्या बॉम्बनी शहर भाजून निघाले, त्यांच्याच विमानांकडे बर्लिनची मुले आशेने पाहात होती. विमानतळाची भव्य इमारत नाझी राजवटीची, तिच्या शेजारी त्याच राजवटीची छळछावणी होती, हेही तेथील जनता विसरलेली नाही.

२००८ मध्ये बर्लिनची सत्ता समाजवादी लोकशाहीवादी आणि पूर्व जर्मनीच्या साम्यवादी पक्षाच्या वारसदारांच्या हाती होती. नागरिकांनी दोन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमवून मतदान घडवून आणले. महापौर क्लाउस वोवेराइट यांनी मात्र निकाल काहीही लागो, विमानतळ बंद होणारच, असे आधीच सांगून टाकले. जनमताचा याहून उघड अवमान तो कोणता? नियमानुसार एकूण मतदारांपैकी चतुर्थांश लोकांचा होकार आवश्यक होता. मिळाला सुमारे २२ टक्क्यांचा. जवळजवळ दोनतृतीयांश मतदार घरीच बसले आणि तेच सत्ताधाऱ्यांच्या उपयोगी पडले.

दोष एकट्या डाव्यांचा नव्हे. विमानतळ बंद करण्याचा मूळ निर्णय १९९६ चा, आणि त्यावर ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या नेत्यांचीही संमती होती. त्याच पक्षाच्या अँगेला मर्केल २००८ मध्ये तो वाचवा म्हणाल्या, तेव्हा बारा वर्षे उलटली होती. शिवाय, विरोधकांनी ‘हा बड्या लोकांच्या खासगी विमानांचा तळ’ असा प्रचार केला. त्याला घरोघरी जाऊन उत्तर देणे आवश्यक होते. पूर्व बर्लिनच्या वस्त्यांना नाकेबंदीची आठवण आपली वाटत नव्हती. नेमका तेथेच संपर्क हवा होता, आणि तेथेच मते कमी पडली.

खरी मेख कायद्यात होती. २००८ चा प्रस्ताव ही सरकारला केलेली विनंती होती. २५ मे २०१४ रोजी त्याच मैदानाच्या कडेने इमारती उभारण्याच्या योजनेविरुद्ध नागरिक पुन्हा उतरले, ते थेट कायद्याचा मसुदा घेऊन. ६४ टक्के मते व आवश्यक संख्या मिळताच तो मसुदा कायदा झाला. २०१७ मध्ये टेगेल विमानतळासाठी मात्र पुन्हा विनंतीचाच मार्ग धरला गेला. ५६ टक्के मते मिळाली, आवश्यक संख्याही गाठली. टेगेल २०२० मध्ये बंद झालेच. (१६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल मराठी वाचकांना आठवेल. तो विलीनीकरणवाद्यांना कितीही झोंबला, तरी दिल्लीने पाळला.)

आज टेम्पलहोफच्या धावपट्टीवर मुले सायकली चालवितात, पतंग उडवितात. बाहेर १९५१ चे हवाईसेतूचे स्मारक उभे आहे. आणि २०१४ चा तो कायदा? निर्वासितांच्या निवाऱ्यांसाठी २०१६ मध्ये बर्लिनच्या विधिमंडळाने त्यात दुरुस्ती केली. त्यासाठी जनतेला पुन्हा विचारावे लागले नाही.