हिवाळ्याची बेगमी

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चेरीची फुले येतात, फुजी पर्वत येतो, आणि खाण्याचा विषय निघालाच तर कच्चा मासा येतो. यात खोटे काहीच नाही. पण हे सारे टोकियो-क्योटोकडचे, पाहुण्यांची सवय झालेले जपान. त्याच्या उत्तरेला तोहोकू नावाचा मुलूख आहे आणि तिथली सामुद्रधुनी ओलांडली की होक्काइदो बेट लागते. इकडचा माणूस अंमळ अबोल. वर्षातले चार-पाच महिने दाराशी बर्फाचे ढीग असल्यावर माणूस बोलणार तरी कुणाशी?

गेल्या शरदात या भागात मी एक आठवडा काढला. डोंगर-तळी पाहावीत आणि मिळेल ते पोटभर खावे, यापलीकडे संकल्प नव्हता. पण दोन-तीन दिवसांतच कळून चुकले की इथे निसर्ग आणि जेवण ही दोन खाती निराळी ठेवताच येत नाहीत. आपल्याकडे कोकणात मृगाच्या आधी कशी धांदल असते पाहा! सांडगे-पापड उन्हात पडतात, आमसुले वाळतात, सुकी मासळी डब्यांत जाते, फणसाची साठे गुंडाळली जातात. पुढचे चार महिने पावसाचे, म्हणून ही बेगमी. तोहोकूतली बेगमी बर्फासाठी असते, एवढाच काय तो फरक. इथले बहुतेक पदार्थ कुणा बल्लवाचार्याच्या हौसेतून जन्मलेले नाहीत. ते जन्मले आहेत भुकेच्या भीतीतून.

पहिला मुक्काम सेंदाईला. टोकियोहून निघालेली शिंकानसेन आगगाडी दीड तासात इथे आणून सोडते. इथे तांदळाच्या चिकट गोळ्यांवर कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांचे गोड वाटण घालून देतात. त्याला म्हणतात झुंदा. आपल्या पुरणाला कुणी हिरवा शालू नेसवावा तसे ते दिसते. ते खाऊन जवळच्या मात्सुशिमाला गेलो. उपसागरात अडीचशेहून अधिक लहानमोठी बेटे, आणि प्रत्येकावर वाकडेतिकडे पाइन वृक्ष. कवी बाशो १६८९ साली उत्तरेच्या पायी प्रवासात इथे येऊन गेला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर समुद्र खवळून आला, तेव्हा याच बेटांनी लाटेचा जोर बराचसा आपल्या अंगावर घेतला. आसपासच्या किनाऱ्यावर मात्र हाहाकार उडाला आणि कालवांची शेती पार धुऊन गेली.

पण या कालवांची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९६० नंतरच्या काळात फ्रान्समधली कालवे रोगाने मरू लागली, तेव्हा याच मियागी किनाऱ्यावरून कालवांची पिल्ले तिकडे पाठवली गेली आणि तिथला धंदा सावरला. २०११ मध्ये इथे सर्वनाश झाल्यावर फ्रान्समधले कालववाले साहित्य आणि मदत घेऊन उभे राहिले. शेजारणीला विरजण द्यावे, आणि आपले दूध नासले त्या दिवशी तिनेच भांडे भरून आणावे, तसे हे झाले. घरात साठवणे ही बेगमी खरीच. पण दुसऱ्याच्या घरी देऊन ठेवणे, हीही एक बेगमीच!

दुसऱ्या दिवशी मोरिओका. इथला 'वांको सोबा' पाहून मला आपल्याकडच्या लग्नाच्या पंगती आठवल्या. लहानशा वाटीत घासभर शेवया. तुम्ही त्या संपवता न संपवता तोच पाठीशी उभी असलेली वाढपीण दुसरा घास वाटीत टाकते. नको म्हणून चालत नाही. वाटीवर चपळाईने झाकण घालावे लागते. पानावर आडवा हात धरण्याची विद्या मला येत असल्याने मी पन्नासाव्या वाटीला सुटलो. पंधरा वाट्या म्हणजे नेहमीचा एक वाडगा, असा हिशेब तिने मागाहून सांगितला.

या शेवया कुट्टूच्या पिठाच्या असतात, आणि त्याचे कारण गमतीचे नाही. उन्हाळ्यात ओखोत्स्क समुद्राकडून कधीकधी 'यामासे' नावाचा थंड, दमट वारा येतो. तो रेंगाळला की भाताची लोंबी भरत नाही. १७८० नंतरच्या तेनमेई दुष्काळात या मुलखात माणसे लाखांनी मेली. म्हणून थंड आणि हलक्या जमिनीतही अडीच महिन्यांत हाती येणारा कुट्टू पेरायचा. म्हणून 'हिए' हे धान्य जपायचे. हिए म्हणजे आपल्या सावा-भगरीची चुलत बहीण. आपण ती एकादशीला हौसेने खातो. यांच्या पूर्वजांनी ती जीव जगवायला खाल्ली.

मोरिओकाजवळच्या हानामाकी गावी मियाझावा केंजी नावाचा लेखक होऊन गेला. जन्म १८९६ चा, मृत्यू १९३३ चा. आणि योगायोग असा की या दोन्ही वर्षी इथल्या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली. हा गृहस्थ बरीच वर्षे शाकाहारी होता. १९२६ साली त्याने शेतकी शाळेतली नोकरी सोडली आणि तो गावोगावच्या शेतकऱ्यांना खतांचे हिशेब फुकट करून देऊ लागला. १९३२ सालच्या त्याच्या एका कथेत थंड उन्हाळ्याने पीक बुडू नये म्हणून नायक ज्वालामुखी पेटवतो, हवेत ऊब आणतो आणि त्यातच स्वतः संपतो. पुढे जपानची सुबत्ता जगाने पाहिली, तरी १९९३ साली असाच थंड उन्हाळा आला आणि या देशाला थायलंडहून तांदूळ मागवावा लागला.

तिसरा दिवस अकिताचा, आणि खरे सांगायचे तर माझा सगळा प्रवास त्या दिवसाभोवती फिरतो. मुळ्याचे लोणचे घालण्याआधी मुळा वाळवावा लागतो. जपानात इतरत्र तो उन्हात टांगतात. अकिताच्या डोंगरी भागात मात्र शरद सरता सरता ऊन दिसेनासे होते आणि बर्फ पडू लागते. म्हणून या लोकांनी मुळे घरात, चुलीच्या वर आढ्याला टांगले. चेरीच्या आणि ओकच्या लाकडांचा धूर खाऊन मुळा तपकिरी होतो. मग तो मीठ आणि तांदळाचा कोंडा यांत चाळीसएक दिवस मुरवतात. हा झाला 'इबुरी-गाक्को'. दाताखाली कुरकुरीत, आणि चवीला म्हणाल तर पावसाळ्यात आजोळच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर जो वास येई, तो.

रस्त्याकडेच्या एका घरात धूर दिसला म्हणून डोकावलो. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या एक आजीबाई मुळे दोरीत ओवत होत्या. मला जपानी येत नाही आणि त्यांना दुसरे काही येत नाही. तेव्हा खिशातल्या फोनला दुभाष्या केले. मुळा तयार झाला हे कसे ओळखायचे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "वासावरून. वास बदलतो."

"म्हणजे कसा होतो?"

"बदलतो," त्या पुन्हा म्हणाल्या. फोनचे यंत्र बिचारे यापुढे काय करणार?

पूर्वी त्या तीनशे मुळे लावीत आणि बाजारात विकीत. आता तीस, तेही घरापुरते. कारण कायदा बदलला. २०१२ साली होक्काइदोत खारवलेल्या कोबीतून विषबाधा होऊन आठ माणसे दगावली. त्यानंतर नियम कडक झाले. २०२१ च्या जूनपासून लोणची विकायला परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक पद्धतीची वेगळी जागा लागते. जुन्या मंडळींना दिलेली सवलत २०२४ च्या मे महिन्यात संपली. कायद्याला दोष देववत नाही. आठ जीव गेले होते. पण या वयात नवा ओटा बांधून, नवे नळ बसवून तो खर्च भरून केव्हा निघायचा? अकिताच्या अनेक म्हाताऱ्यांनी हात धुतले ते कायमचेच.

"मग हे पुढे कोण शिकणार?" मी विचारले.

"सून सेंदाईला असते. अधूनमधून फोनवर विचारते," आजीबाई म्हणाल्या, आणि थोडे थांबून म्हणाल्या, "फोनवर वास जात नाही."

त्या रात्री जेवणात हाताहाता माशापासून केलेल्या 'शोत्त्सुरु' या खाऱ्या अर्काचा रस्सा होता. या हाताहाताचीही अशीच कथा. १९६८ साली अकिताच्या कोळ्यांनी तो २० हजार टनांवर धरला. १९९१ साली जाळ्यात कसेबसे ७० टन आले. तेव्हा या कोळ्यांनी आपसांत ठरवून १९९२ च्या सप्टेंबरपासून तीन वर्षे तो मासा धरणेच बंद केले. घरात चूल पेटायची आहे, समोर समुद्रात मासा आहे, आणि तरी होडी बांधून ठेवायची! मासा परत आला. अलीकडच्या हंगामांत तो पुन्हा फारच थोडा येतो. पण त्या तीन वर्षांचे मोल त्यामुळे उणावत नाही. डब्यात भरून ठेवायला सगळेच शिकतात. समुद्रात राहू देणे जास्त अवघड.

चौथ्या दिवशी तोवादा तळे गाठले. ज्वालामुखीच्या मुखात साचलेले हे पाणी सव्वातीनशे मीटरांहून खोल आहे. त्यातून निघणारा ओइरासे ओढा चौदा किलोमीटर रानातून खळाळत जातो. लाल-पिवळ्या पानांखालून त्याच्या काठाने चालताना माणसाला आपण बोलतो आहोत याचीच लाज वाटावी, असे ते रान आहे. ओढ्यावर एक मोठा धबधबा आहे. तो मासे चढू देत नाही. त्यामुळे तळ्यात मासाच नव्हता. वाइनाई सादायुकी नावाच्या माणसाने तिथे मासे रुजवण्याचा ध्यास घेतला, त्यात वीस वर्षे घातली आणि घरचे सगळे घालवले. अखेर १९०३ साली होक्काइदोतल्या शिकोत्सु तळ्यातून आणलेल्या अंड्यांची पिल्ले सोडली, आणि १९०५ च्या शरदात 'हिमेमासु' मासे झुंडीने काठाशी परतले. तो मासा मीठ लावून, निखाऱ्यावर भाजून मी तळ्याकाठी खाल्ला. चव सांगू म्हटले तर सांगता येईल. पण त्यातली वीस वर्षे कशी सांगणार?

या रानात वाटसरू पाठपिशवीला घंटी बांधतात, ती अस्वलासाठी. बीच वृक्षांची फळे ही अस्वलांची हिवाळ्याची बेगमी. २०२३ साली ती फळे धरली नाहीत, तेव्हा अकितात अस्वले थेट गावांत उतरली. भूक काही माणसांचीच मक्तेदारी नाही.

पाचवा दिवस आओमोरीत, सफरचंदांच्या बागांत. जपानातली निम्म्याहून अधिक सफरचंदे या एका प्रांताची. आपल्या मुंबई-पुण्याच्या फळवाल्याकडे 'फुजी' म्हणून जे सफरचंद मिळते, त्याचे आजोळ इथले फुजिसाकी गाव. १९३९ साली दोन अमेरिकन जातींचा संकर झाला आणि १९६२ साली त्या फळाचे बारसे झाले. १९९१ च्या वादळात इथली सफरचंदे ऐन तोडणीच्या वेळी झाडांवरून गळून पडली. जी थोडी टिकली ती 'न पडणारी सफरचंदे' म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विकायची, अशी युक्ती काही शेतकऱ्यांनी काढली! नापास होण्याची भीती जगात कुठेही विकली जाते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

सहाव्या दिवशी समुद्राच्या पोटातून होक्काइदोत शिरलो. १९५४ च्या वादळात तोयामारू ही बोट बुडून अकराशेवर माणसे गेली. त्यानंतर भुयाराचा विचार नेटाने पुढे गेला आणि १९८८ साली ५४ किलोमीटरांचे सेइकान भुयार खुले झाले. पलीकडच्या हाकोदाते बंदराची ओळख म्हणजे माकूल; पण गेली काही वर्षे माकूलच कमी येते. समुद्र बदलला आहे. मियाझावाच्या नायकाने ज्या ऊबेसाठी जीव दिला, ती आता न मागता येते आहे आणि बाजारातली फळी रिकामी करते आहे. कोंबू नावाचे समुद्रशेवाळ मात्र अजून किनाऱ्यावर वाळत घातलेले दिसते. हेच वाळवलेले शेवाळ जुन्या काळी गलबतांतून पार ओसाकापर्यंत जाई. आणि १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने 'उमामी' ही चव शोधली, ती याच्याच पाण्यात.

शेवटच्या दिवशी साप्पोरोच्या वाटेवर शिराओईला उतरलो. ऐनू हे या बेटाचे मूळ रहिवासी. त्यांचे राष्ट्रीय संग्रहालय २०२० मध्ये इथे उघडले. सॅमन मासा हे त्यांचे मुख्य अन्न. वाळवून ठेवण्यासाठी ते अंडी घालून झालेला मासा पसंत करीत. त्यात चरबी कमी, म्हणून तो टिकतो. शिवाय तोवर त्याचा वंश नदीत रुजलेला असतो! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने त्यांना नद्यांत सॅमन धरायला बंदी केली, आणि ज्यांनी नदी राखली तेच उपाशी राहिले. ऐनू हे इथले आदिवासी, हे कायद्याने मान्य व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

साप्पोरोत रात्री 'सूप करी' खाल्ली. कढईभर मसालेदार रस्सा आणि शेजारी भात. तिचे मूळ म्हणून तिथली मंडळी १९७० नंतरच्या ज्या दुकानाचे नाव घेतात, ते आहे 'अजंता'! आपल्या औरंगाबादकडची लेणी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडची, इतक्या उत्तरेला रश्शात भेटावीत, याची मौज वाटली.

हा मजकूर तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील. त्यातले काही विकतचे असतील, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; वेळ कुणाला आहे? पण चकलीची भाजणी किती भाजायची हे नाकाने ओळखणारे एखादे माणूस अजून घरात असेल, तर या चार दिवसांत त्याच्या शेजारी ओट्याशी जाऊन उभे राहा. फोनवर विचारू म्हणू नका. फोनवर वास जात नाही.